पासपोर्ट तुझ्या कमरेला हवा

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, सगळं तोच बघतोय गं. तिकिटं, हॉस्टेलं, बसगाड्या. मला फक्त बॅग भरायची आहे." तुझ्या आवाजात नवऱ्याचं कौतुक होतं आणि ते असावंच, मुलगा गुणाचा आहे. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून आज जरा निवांत बोलू.

दक्षिण अमेरिकेत बोगोटापासून ब्यूनोस आयर्सपर्यंत पाठीवर बॅगा टाकून निघालाय तुम्ही. हा प्रवास एकानं ओढायचा आणि दुसऱ्यानं मागून चालायचं असा होत नाही. ज्याच्या हातात सगळं असतं तो थोड्याच दिवसांत दमतो, चिडचिडा होतो. आणि जिच्या हातात काहीच नसतं तिला प्रत्येक गोष्ट विचारावी लागते. सुटे आहेत का? कुठे उतरायचं? किती वाजता निघायचं? तुमचं लग्न अजून नवं आहे. आत्ता पडलेल्या सवयी मुक्काम बदलला म्हणून सुटत नाहीत, त्या घरी येतात. त्यामुळे तू या प्रवासात अर्धी मालकीण म्हणून जावंस असं मला फार मनापासून वाटतं.

सुरुवात पासपोर्टापासून कर. दोघांचे पासपोर्ट त्याच्या बॅगेत असं चालणार नाही. तुझा पासपोर्ट तुझ्याच कमरेला, कपड्यांच्या आतल्या पट्ट्यात. तुझ्या पासपोर्टाच्या झेरॉक्स त्याच्याकडे, त्याच्या पासपोर्टाच्या तुझ्याकडे. कार्डंही वेगवेगळ्या बँकांची घ्या आणि वेगवेगळी ठेवा. मशीननं एक गिळलं तरी दुसऱ्यावर गाडी चालते. रोख डॉलर दोघांत वाटून घ्या आणि नोटा कोऱ्या करकरीत बघून घ्या. पेरू-बोलिव्हियातले पैसे बदलून देणारे नोट उजेडात धरून बघतात आणि काडीएवढी फाट दिसली तरी परत करतात. एक्वादोरनं 2000 साली स्वतःचं चलन सोडून डॉलरच घेतला, पण तिथेही शंभराची नोट भाजीवालीपुढे धरलीस तर ती मान हलवेल. पाच-दहाच्या नोटा जवळ हव्यात.

व्हिसाचं म्हणशील, तर अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना पेरू, चिली, कोलंबिया या देशांनी सवलत दिली आहे, पण त्या व्हिसाची मुदत पुरेशी शिल्लक असावी लागते. नियम बदलतात. प्रत्येक वकिलातीची अट तू स्वतः वाच. त्यानं वाचली असेल तरी वाच. सीमेवरच्या खिडकीत अधिकारी तुला एकटीलाच प्रश्न विचारतो, नवऱ्याला नाही.

आता भाषा. तुमच्या वाटेवर सगळीकडे स्पॅनिश आहे आणि हॉस्टेलच्या बाहेर पडलं की इंग्रजीचा फारसा उपयोग नाही. "तो शिकतोय ॲपवर" हे तू सांगितलंस. तूही शीक. व्याकरणाच्या मागे लागू नकोस, आधी आकडे पाठ कर, शंभरापर्यंत आणि मग हजार, कारण कोलंबियात साधी कॉफीसुद्धा हजारांत असते. ज्याला आकडे कळतात त्याच्याच हातात पाकीट राहतं. मग जेवणाचं वाक्य शीक. आपण शाकाहारी आहोत म्हणून नुसतं "सिन कार्ने" म्हणून भागत नाही; कार्ने म्हणजे बहुतेकांच्या लेखी गाईगुरांचं मांस, कोंबडी त्यात धरत नाहीत. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" असं तिन्ही एका दमात म्हणायचं. सूप मागवताना वेगळं विचारायचं, कारण बटाट्याच्या सुपाचं पाणीही अनेकदा कोंबडीचं असतं. ब्यूनोस आयर्सला पोहोचलीस की त्याच पोयोचा उच्चार "पोशो" होईल, तेव्हा गोंधळू नकोस.

उपाशी मात्र राहणार नाहीस. कोलंबियात मक्याच्या आरेपा आणि कच्च्या केळ्याचे तळलेले पाताकोन, एक्वादोरमध्ये चीज भरलेले बटाट्याचे यापिंगाचो, अँडीजमध्ये किन्वा, चिलीत मक्याच्या पानात उकडलेली उमिता. आपल्या उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा, दाणे, बटाटा, मिरची हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. आम्ही गेलो होतो तेव्हा कुस्कोच्या सान पेद्रो मंडईत बटाट्यांच्या ढिगांपुढे मी कितीतरी वेळ उभी होते. जांभळे, काळपट, गाठीगाठीचे, बोटाएवढे. विकणाऱ्या मावशी प्रत्येकाचं नाव आणि तो कशात घालायचा ते सांगत होत्या. तुझे भाऊजी तेव्हा बसची तिकिटं काढायला गेले होते. दोघांनी दोन कामं वाटून घेतली होती म्हणूनच मला ती सकाळ मिळाली.

उंचीबद्दल मात्र नीट ऐक, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. बोगोटा शहरच 2,640 मीटरवर आहे, कीटो 2,850, कुस्को 3,400 च्या आसपास, ला पाझ 3,600 च्या वर. आणि ला पाझचा विमानतळ ज्या एल आल्तोत आहे ते 4,000 मीटरच्याही वर. लिमा समुद्रकाठी. तिथून विमानानं दीड तासाच्या आत कुस्कोत उतरलात की शरीराला काही कळतच नाही, काय झालं ते. डोकं ठणकतं, भूक जाते, झोप लागत नाही, जिना चढताना धाप लागते. बहुतेक लोक कुस्कोत पोहोचतात आणि त्याच संध्याकाळी शहर पालथं घालायला निघतात. तुम्ही तसं करू नका. विमानतळावरून सरळ खाली उरुबाम्बा खोऱ्यात जा, ओयान्तायताम्बोला राहा. ते 2,800 मीटरच्या आसपास आहे. तिथूनच आगगाडीनं माचू पिचू करा, ते तर 2,430 वरच आहे. मग वर कुस्कोला या, आणि त्यानंतर ला पाझ. अशी चढण ठेवलीत तर निम्मा त्रास वाचेल. वेळेचं बंधन असलेली माचू पिचूची तिकिटं आधीच काढावी लागतात, म्हणून हा क्रम निघण्यापूर्वी ठरवा.

उंचीवर माणूस चिडतो. झोप नसते, डोकं दुखत असतं, आणि खोलीत गरम पाणी का येत नाही यावरून भांडण पेटतं. तेव्हा त्याच्या बोलण्याचा अर्थ लावत बसू नकोस, स्वतःच्या बोलण्याचाही नको. पहिल्या दोन रात्री पैशाचा, मार्गाचा, घरच्यांचा कुठलाही विषय काढायचा नाही असं आत्ताच ठरवा. पाणी प्या, हलकं खा, दारू टाळा. आणि दोघांपैकी एकाचा तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, बसल्याजागी धाप लागली, तर उद्या सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. हा निर्णय घ्यायला दुसऱ्याची परवानगी लागत नाही. तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी तू ऐकू नकोस.

उंचीसाठीची गोळी घ्यायची की नाही ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर तेव्हाच सांगा. तू गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर इतक्या उंचीवर राहणार आहोत हेही त्यांना सांग. पेरू-बोलिव्हियात कोकाच्या पानांचा चहा सर्रास मिळतो, हॉस्टेलच्या दारातच ठेवलेला असतो, निर्धास्त प्या. पण त्याची पाकिटं कौतुकानं बॅगेत टाकू नका. आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यात कोकाचं पान बसतं.

आणि एक अगदी खाजगी. पिवळ्या तापाची लस. कोलंबिया, एक्वादोर, पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना या देशांतून परत येताना आपलं सरकार त्या लसीचं पिवळं कार्ड मागतं. नसेल तर विमानतळावरून घरी जायला मिळत नाही, सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. पण ती जिवंत विषाणूची लस आहे. ती घेतल्यावर निदान महिनाभर दिवस राहू नयेत. शिवाय तिकडच्या सखल, गरम भागांत डासांमुळे झिका होतो आणि तो पोटातल्या बाळाला घातक असतो. परतल्यावर बाईनं दोन महिने आणि पुरुषानं तीन महिने थांबावं असं सांगतात. सासूबाईंनी "आता काय, परत आल्यावर गोड बातमी" असं म्हटल्याचं तू मला सांगितलंस, म्हणून बोलते. हे तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं आहे. तो विषय तुझ्या एकटीच्या डोक्यावर घेऊन फिरू नकोस. पाळीचं सामान शहरांत कुठल्याही दुकानात मिळतं, पण लांबच्या बसला निघताना हाताशी ठेव. टॉयलेट पेपरही स्वतःचा ठेव. तिकडे तो संडासात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो.

शहरांचं तुला पुस्तकांत सगळं मिळेल, त्यामुळे मी फक्त मनात राहिलेलं सांगते. बोगोटात रविवार गाठा. 1974 पासून तिथे रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन मोठमोठे रस्ते मोटारींना बंद करून सायकलवाल्यांना, चालणाऱ्यांना देतात. आजोबा, पोरं, कुत्री, सगळं शहर रस्त्यावर येतं. दोन सायकली भाड्यानं घ्या आणि कधी तू पुढे राहा. मेदेयीनमध्ये ड्रगमाफिया एस्कोबारच्या नावानं सहली विकणारे भेटतील. माझं ऐकशील तर त्या सहलीला जाऊ नका. ज्यांच्या घरची माणसं त्याच्या काळात मेली ती तिथेच राहतात. त्यापेक्षा कासा दे ला मेमोरिया हे संग्रहालय पाहा, आणि मग मेट्रोला जोडलेल्या केबलगाडीनं डोंगरावरच्या वस्त्यांत जा. 2004 साली ही केबलगाडी सुरू झाली तेव्हा वरच्या माणसांना पहिल्यांदा खाली शहरात कामाला जाणं सोपं झालं. कोमुना 13 च्या उतारावर 2011 मध्ये उघड्यावरचे सरकते जिने बसवले. तिथे जायचं तर त्याच वस्तीतला वाटाड्या घ्या, पैसे त्याच्या घरात जाऊ देत.

ला पाझबद्दल मला थांबवत नाही. आपल्याकडे उंचावरचं घर म्हणजे श्रीमंती. तिथे उलटं आहे. जितकं खाली तितकी हवा दाट, उबदार, म्हणून श्रीमंत वस्ती खाली सोना सूरला, आणि कष्टकरी आयमारा लोक वर एल आल्तोच्या थंड पठारावर. दोन्हींच्या मध्ये सगळी दरी भरून विटांची घरं. 2014 पासून या दरीवरून "मी तेलेफेरिको" नावाचं जाळं धावतं, शहराची रोजची वाहतूक म्हणून बांधलेलं, केबलगाड्यांचं, आता दहा मार्गांचं, प्रत्येकाला रंगाचं नाव. जुन्या रेल्वे स्थानकापासून लाल मार्गानं गुरुवारी किंवा रविवारी वर जा, एल आल्तोचा प्रचंड बाजार भरलेला असतो. डब्यात आमच्या समोर एक बाई बसली होती. घेरदार झगा, दोन लांब वेण्या, डोक्यावर ती गोल टोपी, पाठीवर रंगीत कापडात बांधलेला भाजीचा गठ्ठा. तिनं मला विचारलं, तुमच्याकडे बायका बाजारात बसतात का? मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, बसतात, आणि पदराच्या गाठीत पैसे ठेवतात. तिनं झग्याच्या आतला कप्पा दाखवला आणि आम्ही दोघी खूप हसलो. हे बोलणं माझं होतं. कुणी मला ते भाषांतर करून दिलं नाही. तुझी अशी बोलणी तुला मिळावीत एवढ्यासाठी मी आकड्यांपासून सुरुवात कर म्हणते आहे.

रात्रीच्या बसनं बराच प्रवास होईल. निम्मी मागे जाणारी आसनं आणि जवळजवळ पलंगासारखी होणारी आसनं असे दोन प्रकार असतात. लांब पल्ल्याला दुसऱ्याचे जास्त पैसे द्या, तिथे काटकसर नको. मोठी बॅग खाली गेली की तिच्या पावतीचा तुकडा जपून ठेव. छोटी बॅग मांडीवर, वरच्या फळीवर नाही, पायाखाली नाही. सान्तियागोहून मेन्दोसाला जाणारी बस दिवसाची घ्या, अँडीज ओलांडतानाची ती वळणं अंधारात घालवू नयेत. हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जून ते ऑगस्टमध्ये, बर्फामुळे तो घाट बंद होतो, तेव्हा एखादा दिवस हाती राखा. आणि त्याआधी बसनं किंवा विमानानं चिलीत शिरताना आईनं दिलेलं मेतकूट, दाण्याची चटणी, सुका मेवा जे काही उरलं असेल ते अर्जावर लिहून टाका. बी-बियाणं, फळं, मध यांबाबत चिली फार कडक आहे. लिहिलंत तर फार तर काढून घेतील, लपवलंत तर दंड.

रस्त्यावर फोन हातात मिरवू नका. अनोळखी माणसानं दिलेलं पेय घेऊ नका. कपड्यावर अचानक काही सांडलं आणि कुणी पुसायला धावलं, तर ते पुसू देऊ नका, दुकानात शिरा. एक जण पुसतो आणि दुसरा पाकीट काढतो.

ब्यूनोस आयर्स शेवटी ठेवलंत ते छान केलंत. तोपर्यंत तुम्ही चोवीस तास एकमेकांच्या सोबत राहून राहून कंटाळलेले असाल. कंटाळा आला म्हणजे प्रेम आटलं असं नसतं गं. त्या शहरात एकेकट्यानं फिरा. 1913 पासूनची भुयारी रेल्वे आहे, रस्ते सरळ आहेत, हरवणं अवघड. मी एल आतेनेओ ग्रँड स्प्लेंडिड नावाच्या पुस्तकांच्या दुकानात दुपार काढली. जुनं नाट्यगृह आहे ते, सज्जे आणि रंगवलेलं छत तसंच, आणि रंगमंचावर कॉफी मिळते. भाऊजी ला बोकात फुटबॉलचं मैदान पाहायला गेले. संध्याकाळी भेटलो तेव्हा दोघांकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. जेवायला नऊच्या आधी जाऊ नका, खानावळी रिकाम्या असतात. आणि महिन्याची 29 तारीख तिथे आली तर बटाट्याचे न्योकी खा. त्या दिवशी ते खायचे आणि ताटाखाली नोट ठेवायची अशी तिथली रीत आहे.

गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लासा दे मायोत जाच. लष्करी राजवटीत नाहीशा झालेल्या आपल्या मुलांचा जाब विचारायला 1977 मध्ये काही आया त्या चौकात जमल्या. एकत्र उभं राहायला बंदी, म्हणून त्या चालू लागल्या. डोक्याला पांढरे रुमाल. अजूनही दर गुरुवारी चालतात. त्यांच्यातल्या आज्यांनी तर चोरून दुसऱ्यांना दिलेल्या नातवंडांचा शोध घेतला आणि 130 हून जास्त सापडवली. तिथे फोटोची घाई करू नका. थोडं सोबत चाला.

रेतिरो स्थानकातून लोकलनं सान इसिद्रोही करा. 1924 मध्ये रवींद्रनाथ पेरूला निघाले होते, ब्यूनोस आयर्सला पोहोचले ते आजारी होऊन. विक्तोरिया ओकाम्पो या लेखिकेनं त्यांना सान इसिद्रोत नदीकाठच्या घरात ठेवलं, काळजी घेतली. पेरू झालंच नाही. "पूरबी" हा संग्रह त्यांनी तिला अर्पण केला. तुमच्यातलं कुणी आजारी पडलं आणि एखादं शहर हुकलं तर हुकू दे. आजाऱ्याला "तुझ्यामुळे राहिलं" असं चुकूनही म्हणायचं नाही, आणि तू आजारी पडलीस तर माफी मागत बसायचं नाही.

आईला फोन कधी करायचा तेही ठरवून ठेव. लिमा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे, ब्यूनोस आयर्स साडेआठ. लिमात रात्रीचे आठ वाजले की आईचा सकाळचा चहा होत असतो, ती वेळ बरी. त्याच्या आईला त्यानं करावा, आपल्या आईला तू.

आता उद्या सकाळी पहिलं काम, लसीच्या केंद्रात फोन लाव. वेळ दोघांची घे, पण फोन तू कर.